तालीम : अंगात मुरलेली विद्या
‘तालीम’ म्हटले की मराठी माणसाला आखाडा आठवतो, नाही तर नाटकाची तालीम. मूळ शब्द अरबी. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘तालीम’ म्हणजे ते देणे, शिकवणे. उर्दूत तो शिक्षणापाशीच राहिला. मराठीने त्याला घाम गाळायला लावले. जे करून करून अंगात मुरते, ती आपली तालीम. १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे तो ‘नई तालीम’ म्हणून ओळखला गेला. शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकत्र आले.

डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याच वाटेने चालल्या. १९४५पासून बोर्डीत, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, खडे हेच शिकण्याचे साहित्य.

गुरांच्या खोडी, झाडांचे गुण त्या मुलांना पाटीआधीच ठाऊक होते. त्याला विद्या न मानणारी शाळा त्यांना परकी वाटली, तर दोष मुलांचा कसा? शिकवणाऱ्याने आधी मुलाची तालीम ओळखावी; अक्षरे त्यानंतर.