पिकअपची पुढची काच बदलणे

पिकअप टेम्पोची तडा गेलेली पुढची काच काढून नवी बसवण्याचे काम. ही काच लॅमिनेटेड असते. दोन काचांमध्ये पीव्हीबी प्लॅस्टिकचा पापुद्रा असल्याने फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत. चालकाच्या नजरेआड पडलेला नाण्याएवढा टवका रेझिनने भरता येतो. काठापर्यंत गेलेल्या तड्याला मात्र इलाज नाही.

जुन्या गाड्यांत काच रबरी बीडिंगमध्ये बसते. बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे आणि एकाने बाहेरून काच दाबताना दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. नव्या गाड्यांत जुना गोंदाचा थर तारेने कापून, प्रायमर लावून काच यूरेथेनने चिकटवतात. यूरेथेन सुकेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. भाड्याच्या घाईत नेमके हेच टाळले जाते आणि पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी ठिबकते.

खर्च कंपनीची काच की बाजारातली, यावर मुख्यतः ठरतो. चौकट गंजलेली निघाली तर पत्र्याचे काम वाढते. काचेमागे कॅमेरा असल्यास कॅलिब्रेशनचे पैसे वेगळे. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण ठरलेली रक्कम मालकाला भरावी लागते आणि नो क्लेम बोनसवरही सहसा पाणी सोडावे लागते. त्यामुळे साध्या काचेसाठी बरेच मालक विम्याच्या वाटेला जात नाहीत.