जैवडिझेल मिश्रणे आणि इंजिनाचे उत्सर्जन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डिझेल इंजिन व वनस्पती तेल यांचा संबंध जुना आहे. इ. स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालणारे डिझेल इंजिन मांडण्यात आले होते. वसाहतींना स्थानिक इंधन उपलब्ध व्हावे, हा त्यामागील हेतू होता. धुराचा विचार त्यात नव्हता.

वनस्पती तेल दाट असल्याने त्याचा फवारा नीट होत नसे. ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान यांनी तेलाचे एस्टरमध्ये रूपांतर करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९३७ मध्ये मिळविले. १९३८ मध्ये ब्रुसेल्स-लुवेन मार्गावर अशा इंधनावर बसही धावली.

उत्सर्जनाचा निकष पुढे आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००२ च्या अहवालानुसार, अवजड वाहनांच्या इंजिनांत २० टक्के सोयाबीन जैवडिझेलच्या मिश्रणाने कणरूप प्रदूषण १०.१ व कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी घटले. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्क्यांनी वाढले.

यावर उपाय इंजिनात शोधावा लागला. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडल्यास ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजन ऑक्साइड घटतात. या पद्धतीने काजळी वाढते; परंतु जैवडिझेलमधील ऑक्सिजनमुळे ती मुळात कमी असल्याने दोहोंचा मेळ बसू शकतो.

भारताच्या २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के, तर २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. ही उद्दिष्टे मिश्रणाचे प्रमाण मोजतात, उत्सर्जन नव्हे. सारांश, इंधनाबरोबर इंजिनाची जुळणीही बदलली, तरच जैवडिझेलचा लाभ पूर्णत्वास जातो.