महालक्ष्म्यांची गोळी आणि उसाचा फड

आमच्या बीडच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडचे लोक त्यांना गौरी म्हणतात. पंचांग काढून आवाहनाचा दिवस बघून झाला, की आई बोटांवर काहीतरी मोजायची आणि मला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पिटाळायची. चिठ्ठीवर एकच शब्द असे : प्रिमोल्यूट. दुकानदार काही विचारत नसे. पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून देई. श्रावण-भाद्रपदात ही गोळी त्याच्याकडे गूळ-खोबऱ्यासारखी खपत असणार. ती कसली, हे मला सातवी-आठवीत कळले. तीन दिवस घरात ‘अडचण’ येऊ नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याची ती गोळी होती.

त्याच स्वयंपाकघरात पुरण वाटायला एक मावशी यायच्या. मूळच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या. दसरा झाला की नवऱ्याबरोबर कारखान्यावर जायच्या, त्या थेट गुढीपाडव्याच्या आसपास परतायच्या. एका वर्षी त्यांनी आईकडे ती पट्टी मागितली. आईने उरलेल्या गोळ्या दिल्या. मावशींनी त्या मोजल्या आणि हसून परत केल्या. एवढ्यानं काय होणार, आम्हाला सहा महिने जायचंय, अशा अर्थाचे काहीतरी त्या म्हणाल्या. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांनी पिशवी काढून टाकली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतच होते.

मी इतिहास शिकवते. तीन दिवसांसाठी गोळी आणि सहा महिन्यांसाठी शस्त्रक्रिया, हा फरक कुठून आला हा प्रश्न इतकी वर्षे माझ्या डोक्यात आहे. हा लेख त्याचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

गोळीपासून सुरुवात करते. आईच्या पट्टीतल्या औषधाचे नाव नॉरएथिस्टेरॉन. ते १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. प्रयोग करणारा हात होता लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याचा, आणि मार्गदर्शक होते कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ. कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलात उगवणारा एक रानकंद. तो खणून, फोडून, वाळवून विकणारे लोक होते तिथले गरीब शेतमजूर. जगभरच्या बायकांच्या पाळीचे वेळापत्रक बदलणारे रसायन असे मजुरांच्या कुदळीखालून आले आहे. पुस्तकांत जेरासींचे नाव ठळक असते. कंद खणणाऱ्यांवर लिहायला इतिहासकारांना पुढे पन्नासेक वर्षे लागली.

त्या साली मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढतच होते. १९२१मध्ये संततिनियमनाचे केंद्र आणि १९२७मध्ये मासिक सुरू करणारा हा माणूस ऑक्टोबर १९५३मध्ये गेला. गोळी बाजारात आलेली त्यांनी पाहिली नाही.

अमेरिकेत ‘एनोव्हिड’ या गोळीला १९५७मध्ये परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून ती मान्य झाली १९६०मध्ये. मधल्या काळात तिथे पाळीच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या बायका एकाएकी वाढल्या, यात नवल नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गोळ्या घेताना मधे काही दिवस थांबायचे आणि तेव्हा रक्तस्राव होऊ द्यायचा, ही पद्धत शरीराला आवश्यक म्हणून आलेली नाही. पाळी दर महिन्याला दिसली तर बायकांना धीर वाटेल, गोळी ‘नैसर्गिक’ वाटेल, हा त्यामागचा विचार होता. गोळीच्या जनकांपैकी एक असलेले डॉ. जॉन रॉक कडवे कॅथलिक होते. चर्चला ती मान्य व्हावी ही त्यांची धडपड होती. त्या चार दिवसांत दिसणारा स्राव हा गोळी थांबवल्याचा परिणाम असतो, नेहमीची पाळी नसते. हे डॉक्टरांना माहीत होतेच, पण अमेरिकेत तीन-तीन महिने पाळी न येऊ देणारी गोळी २००३मध्ये अधिकृत झाली आणि वर्षभर न येऊ देणारी २००७मध्ये.

आपल्याकडची ‘माला-एन’ बघा. एकवीस गोळ्या संप्रेरकाच्या, सात लोहाच्या. सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते. सात दिवसांच्या लोहाच्या गोळ्या वगळून पुढची पट्टी सुरू केली तर पाळी लांबते, हे नर्सबाईंना माहीत असते. पण पट्टी दिली जाते ती दोन मुलांत अंतर ठेवायला. पाळी हा विषय त्या पट्टीच्या कक्षेत येतच नाही.

इथेच माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे मला वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे लग्न लवकर होते. विशीच्या सुरुवातीला दोन-तीन मुले होतात आणि नसबंदीही उरकते. नसबंदी झाली की कुटुंब नियोजनाच्या दृष्टीने तिचे काम संपले. नोंदवहीतला रकाना भरला. त्यानंतर तिला गोळी कोण देणार, आणि कशासाठी? पुढची वीस-पंचवीस वर्षे तिला पाळी येणार असते, पण तिच्याशी त्याबद्दल बोलायला सरकारकडे रकाना नाही. उरतो तो तालुक्याचा खाजगी दवाखाना.

आता फडाकडे वळू. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगरला १९५०च्या सुमारास झाला. जसजसे कारखाने वाढले तसतसे तोडणीला माणूस लागू लागला, आणि तो मिळाला पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या कोरडवाहू पट्ट्यांतून. १९७२च्या दुष्काळाने ही वाट रुळवली. आज बीडइतके ऊसतोड मजूर बहुधा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातून जात नसतील. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटक ही त्यांची ठिकाणे.

मजुरीचे एकक आहे ‘कोयता’. म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, बाईला वेगळी नाही. नवरा तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. जोडीने दिवसाला दीड-दोन टन ऊस होतो. दोघांपैकी एक बसला की कोयता बसला, आणि खाडा पडला. खाड्याचा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत जातो आणि तो उचलीत वाढतो. राहायला कोपी. पाणी लांबून आणायचे, संडास नाही, न्हाणीला चार बाजूंनी साडी. पहाटे तीन-चारला फडात जायचे ते गाडी भरेपर्यंत. अशा ठिकाणी दर महिन्याचे चार दिवस म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. घड्या कापडाच्या, धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि परतल्यावर बाई तालुक्याला जाते.

तिथे सोनोग्राफी होते. हे यंत्र आमच्या जिल्ह्यात काय काय करून बसले आहे ते २०११च्या जनगणनेने सांगितलेच : सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. पिशवीच्या बाबतीत तेच यंत्र पडद्यावर एखादी गाठ दाखवते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य येते, आणि बाई घाबरते. जंतुसंसर्गावर औषध-गोळ्यांचा उपचार असतो. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि तिला तर दसऱ्याला निघायचे असते. शस्त्रक्रियेचा खर्च उचलीतून होतो. मुकादमही ना म्हणत नाही; खाडे कमी होणार असतात.

२०१९च्या एप्रिलमध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ने वंजारवाडीसारख्या गावांतली परिस्थिती छापली आणि देशाला हे कळले. गावात कुणालाच ती बातमी नव्हती. जूनमध्ये विधान परिषदेत डॉ. नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न विचारला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यातल्या अनेक जणी ऊसतोड कामगार नाहीत, असेही ते म्हणाले. मग गोऱ्ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३.२ टक्के होते.

पाळी थांबवण्यासाठी पिशवीच काढावी, ही कल्पना महाराष्ट्रात नवी नव्हती. १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढायला सुरुवात झाली होती. (हे पुणे जिल्ह्यातले शिरूर, आमचे शिरूर कासार वेगळे.) मुलींना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्रीसंघटनांनी ओरड केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळच्या चर्चेत एक प्रश्न वारंवार विचारला गेला : वसतिगृहात पुरेशा आया आणि पुरेसे पाणी असते तर डॉक्टरांची गरज पडली असती का? पंचवीस वर्षांनी फडाबद्दल तोच प्रश्न जसाच्या तसा विचारता येतो.

गोळी हा साधा-सोपा उपाय होता आणि तो नाकारला गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. सलग गोळ्या घेतल्या तर पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात. रक्तदाब, कावीळ, रक्ताच्या गुठळ्या यांची तपासणी लागते. कोपीत ती कोण करणार? शिवाय गोळीही मालकाच्या हातात गेली की काय होते, हे तमिळनाडूत दिसले. २०१९मध्येच थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने तिथल्या कपडे शिवणाऱ्या सुमारे शंभर कामगार स्त्रियांशी बोलून लिहिले : पाळीत पोट दुखते म्हटले की कारखान्यातला निरीक्षक नाव नसलेल्या गोळ्या देतो, आणि त्यानंतर कित्येकींचे चक्र बिघडते. याच नॉरएथिस्टेरॉनचे इंजेक्शन १९८०च्या दशकात भारतात आणायचे चालले होते, तेव्हा हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. आक्षेप मुख्यतः याला होता, की बायकांना पूर्ण माहिती न देता प्रयोग होत आहेत. तेव्हा मी शाळेत होते आणि आईची चिठ्ठी घेऊन दुकानात जात होते.

शस्त्रक्रियेचा हिशेब वेगळा असतो, कारण ती मागे घेता येत नाही. पिशवीबरोबर अंडाशये काढली तर पाळी जाण्याचा काळ एकदम पुढ्यात येतो; ती ठेवली तरी बऱ्याच जणींत ती लवकर थकतात. तिशीतली बाई हाडे दुखतात, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही म्हणते. मोळी मात्र तेवढीच जड राहते.

२०१९नंतर काही झाले. बीडमध्ये पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. डिसेंबरात मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून पाळीच्या चार दिवसांची मजुरी द्यावी असे सुचवले. बिहार सरकारने आपल्या कर्मचारी स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा १९९२मध्येच दिली होती. पण ती पगारपत्रकावर नाव असणाऱ्यांना. कोयत्याला कसले आले पगारपत्रक? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले, टनामागे दहा रुपये त्यात जमा व्हायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयानेही ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. परवानगीची अट जिल्ह्यापुरती आहे. बाई कुठल्या जिल्ह्यात जाऊन शस्त्रक्रिया करून घेईल त्याला बंधन नाही.

पाणी, संडास आणि खाडा या तीन गोष्टींचा उल्लेख प्रत्येक अहवालात असतो. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. बायकांसाठी ही मोठीच गोष्ट. पण तो दर अजूनही कोयत्याचा आहे, आणि खाडा बंद झाल्याचे मला अजून एकाही टोळीत ऐकायला मिळालेले नाही.

मावशी आता ऊस तोडायला जात नाहीत, कंबर गेली. शस्त्रक्रियेची उचल फिटायला त्यांना तीन हंगाम लागले, हे त्यांनी मला मागच्या वर्षी सांगितले, पुरण वाटता वाटताच. त्या अजून आमच्याकडे महालक्ष्म्यांना येतात. आई थकली आहे, पण सोवळ्यातला स्वयंपाक कुणी करायचा हे तीच ठरवते. सुनांना गोळ्या घ्याव्या लागतात, कुणाची कधी चुकते, ऐनवेळी धावपळ होते. त्यामुळे आवाहनाच्या आठ दिवस आधी आई पहिला निरोप मावशींना धाडते. तिला आता अडचण नसते, असे ती म्हणते.