अंगणवाडीतले ऐकणे

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे, की त्यातले अंगण आपल्याला दिसेनासे झाले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक तत्कालीन ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघही तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तिकडे फिरकेनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाला गुरांमागे जायचे होते. ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असे म्हणून मोकळे होता आले असते. ताराबाईंनी मात्र मुलांची गैरहजेरी हेच त्यांचे म्हणणे मानले आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली.

मुलाचे ऐकणे म्हणजे त्याला बोलते करणे, अशी आपली समजूत असते. त्याआधी ऐकणाऱ्याने आपली जागा सोडावी लागते, हे बोर्डीच्या या प्रयोगातून दिसते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोचला. नोंदींचा भर वजन, उंची आणि आहार यांवर राहिला. कुपोषणाशी झगडताना त्या नोंदी हव्यातच. पण मुलाचे म्हणणे त्यांत येत नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी, आदिवासी वस्त्यांत गोंडी आणि कोलामी. लातूरच्या सीमेवरील गावांत कन्नड. अशा घरातले मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसले, की ‘लाजाळू आहे’ असा शेरा त्याला चिकटतो. त्या शेऱ्यात मुलाच्या स्वभावापेक्षा आपल्या कानांची मर्यादाच अधिक नोंदली जाते.

मात्र प्रत्येक मौन फोडायचे नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यातून वाचलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारणारा त्याचे ऐकत असतोच असे नाही. पुष्कळदा तो स्वतःची जिज्ञासा भागवत असतो. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाला मत मांडण्याचा अधिकार देते. अधिकार म्हटला, की न बोलण्याची मुभाही त्यात आलीच.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. कथेतल्या मुलाच्या तोंडी आपण किती सहज मोठ्यांची वाक्ये घालतो! अंगणवाडीत एखाद्या ताईंनी मुलाचा शब्द त्याच्याच बोलीत, न सुधारता वहीत उतरवून ठेवला, तर बोर्डीच्या त्या अंगणाशी आपले नाते अजून तुटलेले नाही असे म्हणता येईल.