सफरचंदाचं गाणं, जांभळाचं झाड

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण जातो, पण त्या नावाशी थबकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी गुलाम वाहून नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार भर समुद्रात पकडत असे. सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या शाळेत येत. इथं त्यांना इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकायला मिळे. बाप्तिस्म्याबरोबर नावही नवं मिळे. याओ जमातीचा चेंग्विंबे असाच मॅथ्यू वेलिंग्टन झाला.

मिशनऱ्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. त्यांनी ही मुलं जगवली, हे आधी मान्य करायला हवं.

पण एक नोंद मला सोडत नाही. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. त्यांतल्या अब्राहमला याओंच्या मुलखात त्याच्या मामानं ओळखलं. आई आणि दोन्ही बहिणी त्याच्यामागून विकल्या गेल्याचं तिथं कळलं. मामानं राहायचा आग्रह केला, लिव्हिंग्स्टननंही केला. जिथं आई-बहीण नाही तिथं राहून काय करू, असं म्हणून अब्राहम पुढं निघाला. तिथल्या मटाका नावाच्या सरदाराला आपले बैल कामाला जुंपायचे होते. तेही अब्राहमला येत नव्हतं. तो लोहार, पण दगडातून लोखंड काढण्याची विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. तयार लोखंड नसेल तर त्याचा हातोडा मुका. या मुलांना साधी शेती शिकवली असती तर बरं झालं असतं, अशी नोंद लिव्हिंग्स्टननं रोजनिशीत केली आहे.

नऊ वर्षांनी, 1875 मध्ये, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी कार्टर वुडसन जन्मले. कोळशाच्या खाणीत राबून विसाव्या वर्षी ते हायस्कुलात गेले आणि 1912 मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. मधली काही वर्षं ते फिलिपाइन्समध्ये शिक्षक होते. तिथली एक गोष्ट त्यांनी 1933 च्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ द नीग्रो’ या पुस्तकात सांगितली आहे. अमेरिकेहून आलेले पदवीधर शिक्षक मुलांना सफरचंदाच्या झाडाचं गाणं शिकवत. मुलांनी ते झाड कधी पाहिलेलंच नव्हतं. मग विम्याचा धंदा सोडून आलेला एक गृहस्थ शिकवू लागला. त्यानं गाण्यात सफरचंदाच्या जागी ‘लोंबॉय’ घातलं. लोंबॉय म्हणजे आपलं जांभूळ! हे झाड तर मुलं रोजच हलवत होती. जॉर्ज वॉशिंग्टनऐवजी त्यांच्या होझे रिसालची कथा त्यानं सांगितली. वर्ग बोलू लागला.

आमच्या घरी दखनी बोलत. पाठ्यपुस्तकातल्या घरांत आई-बाबा असत, अम्मी-अब्बा नसत. मराठीवर माझं प्रेम जडलं ते त्या पुस्तकांमुळंच, तरीही वुडसन वाचताना ही जागा दुखली.

अमेरिकेत काळ्या मुलांच्या पुस्तकांत त्यांचे पूर्वज बहुधा गुलाम म्हणूनच भेटत. आफ्रिकेतली राज्यं, कारागिरी, कथा तिथं नव्हत्याच. आपल्या माणसांनी काहीच केलं नाही असं ज्याला रोज शिकवलं जातं, तो मागच्या दारानं जायला आपणहून शिकतो, असं वुडसन यांचं म्हणणं. 1915 मध्ये त्यांनी शिकागोत इतिहास-संस्था काढली. फेब्रुवारी 1926 मध्ये पहिला ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ झाला; लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस त्याच महिन्यात येतात. शाळांना चित्रं, पाठ, नाटुकल्या पाठवल्या जाऊ लागल्या. 1937 मध्ये मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या आग्रहावरून शिक्षकांसाठी वेगळं नियतकालिकही निघालं.

एका आठवड्यावर वुडसन समाधानी नव्हते. हा इतिहास वर्षभर शिकवला जावा, अशी त्यांची अपेक्षा होती. 1950 मध्ये ते गेले. सप्ताहाचा महिना 1976 मध्ये झाला.