लष्करी तळावरचे नागरी कामगार : इराक, २००३ नंतर

इ.स. २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या आणि बगदादच्या उत्तरेस बलदसारख्या तळांवर अक्षरशः गावे वसली. भटारखाना, धोबीकाम, साफसफाई, मालवाहतूक ही कामे कंत्राटदारांकडे गेली. त्यांनी पोटकंत्राटे आखाती कंपन्यांना दिली, आणि या कंपन्यांनी भारत, नेपाळ, फिलिपाइन्स येथून माणसे आणली. अमेरिकी दफ्तरात त्यांची नोंद 'तिसऱ्या देशाचे नागरिक' अशी होई; म्हणजे ना इथले, ना तिथले.

दिवस बारा तासांचा, आठवडा सात दिवसांचा. सैनिकांच्या न्याहारीआधी भटारखान्यात हजर व्हायचे आणि रात्री कंटेनरवजा खोलीत दाटीवाटीने झोपायचे. अनेकांनी दलालाचे पैसे भागवण्यासाठी घरी कर्ज काढलेले; कित्येकांना कुवेत वा जॉर्डनमधील नोकरी म्हणून सांगितलेले. ऑगस्ट २००४ मध्ये जॉर्डनमार्गे इराकमध्ये आणलेल्या बारा नेपाळी तरुणांची अपहरण करून हत्या झाली. भारत सरकारने त्याच वर्षी इराकला कामासाठी जाण्यावर बंदी घातली. तरीही माणसे कुवेतमार्गे जातच राहिली.

खरी गोम पासपोर्टात होती. तो मालकाच्या कपाटात असल्याने नोकरी सोडणेही हाती नव्हते. तपासणीअंती एप्रिल २००६ मध्ये जनरल जॉर्ज केसी यांच्या आदेशाने १ मेपर्यंत पासपोर्ट परत करण्याचे बंधन आले. प्रत्येक कामगारास किमान ५० चौरस फूट जागा देण्याचेही ठरले. त्याआधीची दाटी किती असेल, ते या आकड्यावरूनच उमगावे. १९४१ च्या अमेरिकी कायद्यानुसार अपघात वा मृत्यूची नुकसानभरपाई या परदेशी कामगारांनाही लागू होती. पण खेड्यातील विधवेला त्या कायद्याचे नाव सांगणार कोण?