पोट सुटलेलं रॉक

‘स्टिल क्रेझी’ हा १९९८ सालचा ब्रिटिश सिनेमा. ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाचा काल्पनिक बँड १९७७च्या एका फेस्टिव्हलमध्ये स्टेजवरच फुटतो. जवळपास वीस वर्षांनी त्याच फेस्टिव्हलसाठी पुन्हा जमायचं ठरतं. तोवर कीबोर्डवाला टोनी इबिझात कंडोमच्या व्हेंडिंग मशीनचा धंदा करतोय, बेसवाला लेस घरांची छपरं दुरुस्त करतोय आणि ड्रमर बीनो टॅक्सवाल्यांपासून लपतोय. गायक रे (बिल नायी, निव्वळ धमाल) तेवढा हवेलीत राहतो, पण तीही विकायला काढलेली. टोनीचा जीव कॅरनवर. कॅरनचा जीव गिटारिस्ट ब्रायनमध्ये, आणि तो मेलाय असं सगळे धरून चाललेत. पोट सुटल्यावर प्रेमात पडलेली माणसं इतकी गोड दिसतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

१९७७ साल उगाच निवडलेलं नाही. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्सचा अल्बम आला आणि लांबलचक सोलो वाजवणारे केसाळ बँड एकदम जुनाट ठरले. गंमत म्हणजे १९९६मध्ये पिस्टल्सच पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी दौऱ्याला नाव दिलं ‘फिल्दी लुकर’, म्हणजे घाणेरडा पैसा. निदान प्रामाणिक तरी!

पण स्टेडियम गाजवलेल्या माणसावर छपरं दुरुस्त करायची वेळ का येते? दारू, ड्रग्ज, उधळपट्टी हे आहेच. त्याखाली कायदाही आहे. गाणं रचणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ७० वर्षं चालतो. रेकॉर्डिंगचा हक्क ब्रिटनमध्ये २०१३पर्यंत फक्त ५० वर्षांचा होता, मग तो ७० झाला. दुसऱ्या कुणी ते गाणं गायलं, तर रचणाऱ्याला पैसे मिळतात, ड्रमरला नाही. म्हणजे बँडमध्ये पाच जण असले, तरी म्हातारपणाची सोय ज्याचं नाव गाण्याखाली छापलंय त्याचीच.

खऱ्या आयुष्यातला टोनी बघायचा तर मॅथ्यू फिशर. प्रोकोल हारमच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ (१९६७) या गाण्याची ओळखच त्याच्या ऑर्गनच्या सुरावटीनं होते. गाण्याखाली नावं मात्र गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर १९६९मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि पुढे चक्क प्रोग्रॅमर झाला. (आमच्या धंद्यात कुठली ओळ कुणी लिहिली ते गिट लगेच दाखवतं. स्टुडिओत ती सोय नव्हती.) २००५मध्ये तो कोर्टात गेला. २००६मध्ये संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा मिळाला, २००८मध्ये अपिलात पैशांवरचा हक्क गेला, २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो परत दिला. पैसे मात्र दावा लावल्यापासूनचे. आधीच्या ३८ वर्षांचं काही नाही.

हे कळल्यावर सिनेमा पुन्हा पाहिला. हसू तेवढंच आलं, पण टूरच्या खटारा बसमधली भांडणं वेगळी ऐकू आली. या माणसांना जुने दिवस हवेत, तसं घरभाडंही भरायचंय. टोनीला तर त्यात कॅरनही हवीय. ती कुणाची होते, ते सांगत नाही.

सिनेमातलं गाजलेलं गाणं ‘द फ्लेम स्टिल बर्न्स’. ते गायलंय लेसचं काम करणाऱ्या जिमी नेलनं. गाण्याखाली तीन नावं आहेत : मिक जोन्स, मार्टी फ्रेडरिक्सन, ख्रिस डिफर्ड.